नालबंदीचे शिक्षण : देगलूर-उदगीर परिसराच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची मांडणी

जनावराचे वाढलेले खूर तासून त्यांना योग्य आकार देणे आणि रस्त्याच्या घर्षणाने ते झिजू नयेत म्हणून त्यांच्या तळाशी लोखंडी नाल खिळ्यांनी बसवणे, अशी नालबंदीची ढोबळ व्याख्या करता येते. ही व्याख्या वाचताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घोडा उभा राहतो. परंतु नांदेड जिल्ह्यातील देगलूर, मुखेड, बिलोली, कंधार आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी या तालुक्यांत नालबंदाचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे बैलजोडी बाळगणारा शेतकरी आणि बैलगाडी हाकणारा गाडीवान होय. घोडेवाला त्याच्याकडे वर्षातून काही प्रसंगीच येतो. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशाच्या दोन नावाजलेल्या जाती याच टापूतल्या असून दोन्ही जातींचे बैल ओढकामासाठी प्रसिद्ध आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे येथील नालबंदीचा कल बैलाकडे का झुकला याचा उलगडा होतो.

नव्या माणसाने हा धंदा कोठे शिकावा, तो शिकल्याचा दाखला कोणी द्यावा आणि शिकून त्यावर घर चालेल काय, या तीन प्रश्नांभोवती आजची चर्चा फिरते. पशुवैद्यक, प्राणिकल्याणाचे कार्यकर्ते, कौशल्यविकासाच्या योजना आखणारे अधिकारी आणि स्वतः नालबंद यांची या तिन्ही बाबतींत एकवाक्यता नाही. मतभेदाचे एक मोठे कारण असे दिसते की, चर्चेत भाग घेणारा प्रत्येक पक्ष वेगळ्या जनावराचा खूर मनात धरून बोलत असतो आणि ते सहसा सांगत नाही. घोड्याला लागू पडणारे विधान बैलाला जसेच्या तसे लावले गेल्याने मूळ प्रश्न अनेकदा झाकला जातो, आणि म्हणून प्रस्तुत आढाव्यात ही दोन्ही कामे शक्य तेथे वेगळी ठेवली आहेत.

पूर्वपीठिका

भारतातील अश्वविद्येची परंपरा शालिहोत्राच्या नावाशी जोडली जाते, आणि नकुलाच्या नावावरील ग्रंथांपासून पुढे अनेक संस्कृत ग्रंथांत घोड्याची लक्षणे, रोग व निगा यांचे विवेचन आढळते. देगलूरपासून फार लांब नसलेल्या कल्याणी येथे राज्य करणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही घोड्यांविषयीची माहिती आली आहे. होट्टलच्या मंदिरांमुळे देगलूर तालुक्याचा चालुक्यकाळाशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. तथापि खिळ्यांनी ठोकलेल्या लोखंडी नालाचा सर्रास वापर मध्ययुगीन घोडदळांबरोबर आपल्याकडे रुळला असे मानले जाते, आणि या धंद्याची बरीचशी परिभाषाही फारसी-अरबी वळणाची आहे.

अकबराच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये शाही पागेतील नोकरांची जी यादी आहे, तीत बैतार म्हणजे घोड्यांचा वैद्य आणि नालबंद म्हणजे नाल ठोकणारा कारागीर हे दोन वेगळे हुद्दे दिले आहेत. आजच्या चर्चेच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे, कारण नालबंदी ही वैद्यकाची शाखा की लोहारकामाची, हा वाद त्या यादीने एका अर्थी चार शतकांपूर्वीच निकालात काढला होता.  मराठेशाहीत नालबंदी हा शब्द कारागिरीपलीकडे जाऊन जमाखर्चात शिरला, आणि मोहिमेपूर्वी स्वारांना तयारीसाठी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेलाही नालबंदी म्हटले जाऊ लागले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली निजामाचा पराभव करणारी मराठ्यांची फौज उदगीरच्या मैदानात होती, तेव्हा तिच्याबरोबर नालबंदही असणारच, असा तर्क करण्यास हरकत नाही, मात्र इतिहासकारांनी त्यांच्याकडे लक्ष दिलेले नाही.

निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची घोडदळाची ठाणी हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे होती. ही पथके शिलेदारी पद्धतीची, म्हणजे स्वाराने स्वतःचा घोडा आणून नोकरी करण्याची, असत आणि अशा पथकांबरोबर नालबंद ठेवलेले असत. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाल्यानंतर मराठवाड्यातील शिस्तबद्ध घोडदळी नालबंदीचा आधार हळूहळू सुटत गेला. मागे उरली ती गावगाड्यातील नालबंदी. बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत लोहार आहे, परंतु नालबंद नाही. म्हणजे त्याला सुगीच्या वेळी धान्याचे बलुते मिळण्याची हमी नव्हती, आणि रोख मजुरीवर बाजारोबाजार फिरणे हेच त्याच्या धंद्याचे स्वरूप राहिले. मराठवाड्यात तसेच शेजारच्या कर्नाटक व तेलंगणात हे काम प्रामुख्याने मुस्लीम कुटुंबांकडे असून ‘नालबंद’ हे आडनाव त्या भागांत आजही भेटते.

काळ्या रानात औत ओढणाऱ्या बैलाला नालाची फारशी गरज पडत नाही, कारण मऊ जमिनीत खूर झिजतो त्यापेक्षा वाढतो अधिक. खडीचे आणि नंतर डांबराचे रस्ते झाले, बाजारपेठा व कारखाने यांच्यापर्यंत माल वाहून नेण्याचे काम वाढले, तसतशी बैलाच्या पायाला पत्री, म्हणजे बैलाचा नाल, ठोकण्याची निकड वाढली असावी. त्यामुळे बैलांची नालबंदी हा फार प्राचीन आणि अचल असा ग्रामीण वारसा आहे, हे समारंभातील भाषणांत ऐकू येणारे मत जपूनच स्वीकारले पाहिजे.

शिकायचे काय असते

प्रशिक्षणाच्या चर्चेत या भागाला सहसा दोन ओळी मिळतात, पण त्याचा तपशील पाहिल्याशिवाय पुढच्या मतभेदांचा अर्थ लागत नाही.

घोड्याच्या पायाला एकच अखंड खूर असतो. त्याची बाहेरची भिंत माणसाच्या नखाप्रमाणेच केराटिन या निर्जीव द्रव्याची बनलेली असून ती महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. नाल ठोकलेला असला म्हणजे खूर जमिनीवर घासला जात नाही, त्यामुळे ही वाढ साठत जाते, आणि म्हणूनच नाल झिजलेला नसला तरी साधारण दीड महिन्याने तो काढून, खूर तासून, पुन्हा बसवावा लागतो. खुराची भिंत आणि तळवा जेथे जुळतात तेथे एक फिकट रेषा दिसते. पशुवैद्यक तिला पांढरी रेषा म्हणतात. या रेषेच्या बाहेरचा भाग निर्जीव, तर आतल्या बाजूला रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. नालबंदाचा खिळा या रेषेवरून किंवा तिच्या किंचित बाहेरून शिरून, वळत वळत भिंतीतून वर निघाला पाहिजे. यासाठी खिळ्याचे टोक एका बाजूने उतरते केलेले असते, आणि ते टोक कोणत्या दिशेला धरायचे यावर खिळा बाहेर निघणार की आत शिरणार हे ठरते. खिळा आत शिरला तर घोडा लंगडतो, त्या ठिकाणी पू होतो, आणि घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारा प्राणी असल्यामुळे प्रसंगी जिवावरही बेतते. जिवंत भागाला न टोचता केवळ त्याच्या फार जवळून गेलेला खिळाही दाब देऊन काही दिवसांनी लंगडेपणा आणतो. ही चूक तत्काळ दिसत नसल्याने शिकाऊ माणसाला ती कळायलाच वेळ लागतो.

बैलाचे प्रकरण निराळे आहे. त्याचा प्रत्येक खूर दुभागलेला असल्याने चार पायांना मिळून आठ पत्र्या लागतात. बैलाच्या खुराची भिंत घोड्याच्या मानाने पातळ असते आणि दोन नख्यांच्या मधली, आतल्या बाजूची भिंत तर खिळा धरण्याइतकीही जाड नसते, म्हणून खिळे फक्त बाहेरच्या कडेला मारावे लागतात. घोड्याच्या नालबंदाला चुकण्यास जेवढी जागा असते त्याहून कमी जागा बैलाच्या नालबंदाला मिळते, हे या क्षेत्राबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. घोड्याचे काम प्रतिष्ठेचे आणि बैलाचे काम रांगडे, असा जो भेद केला जातो त्याला शरीररचनेचा आधार नाही.

दुसरा फरक जनावर सांभाळण्याचा. सवय लावलेला घोडा तीन पायांवर उभा राहून चौथा पाय नालबंदाच्या मांडीवर देतो, त्यामुळे एक जाणता नालबंद आणि घोडा धरणारा एक माणूस एवढ्यावर काम होते. बैल असा पाय देत नाही. त्याला दोराने वेढे घालून आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात, आणि दोघे-तिघे त्याला दाबून धरत असताना नालबंद पत्र्या ठोकतो. रवंथ करणारे जनावर कुशीवर जास्त वेळ पडून राहिले तर पोटातील वायू कोंडून पोटफुगी होते, त्यामुळे बैलाचे पोट फार भरलेले नसणे आणि काम झटपट आटोपणे या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. शिवाय कठीण जमिनीवर बेफिकिरीने पाडल्यास शिंग, बरगडी किंवा खुबा यांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे बैलाच्या नालबंदीत हातोडीच्या कौशल्याइतकेच दोराचे कौशल्य शिकावे लागते, आणि घोड्यावर आधारलेल्या कोणत्याही अभ्यासक्रमात ते नसते. युरोपात बैल नांगराला जुंपले जात त्या काळी त्यांना लाकडी चौकटीत उभे बांधून नाल मारण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या आवारात तपासणीसाठी लोखंडी खोडा उभारलेला असतो. त्याच्या रचनेत पाय उचलून बांधण्याची सोय करून तो नालबंदीसाठी वापरता येईल काय, हा विचार तांत्रिक दृष्टीने साधा असूनही चर्चेत क्वचितच येतो.

याखेरीज नाल व पत्री घडवणे, खिळ्यांची निवड, ऐरणीवर नालाला वळण देणे, कानशीने खुराची कड सारखी करणे ही धातुकामाची बाजू आहे. तयार नाल बाजारात मिळू लागल्यापासून तिचे महत्त्व घटले आहे. नाल तापवून खुरावर टेकवून बसवण्याची उष्ण पद्धत पाश्चात्त्य शिक्षणात मुख्य मानली जाते, तर आपल्याकडे तयार नाल थंड स्थितीतच ठोकून जुळवण्याची रीत अधिक आहे. खुराच्या आकाराप्रमाणे नाल घडवण्याऐवजी नालाच्या आकाराप्रमाणे खूर तासण्याचा मोह या रीतीत होतो, हा तिच्यावरचा सर्वात गंभीर आक्षेप होय.

आज शिक्षण कोठे मिळते

सर्वात जुना आणि आजही सर्वात मोठा मार्ग घरचा आहे. मुलगा आधी दोर धरतो, मग खिळे काढून देतो, मग जुन्या पत्र्या उपटतो आणि बऱ्याच काळाने त्याच्या हाती हातोडी येते. या शिक्षणाला शुल्क नाही, परीक्षा नाही आणि दाखलाही नाही.

संस्थात्मक शिक्षणाचे सर्वात भक्कम उदाहरण सैन्यातले आहे. मेरठ येथील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात व महाविद्यालयात सैन्यातील घोडे व खेचरांसाठी नालबंद तयार केले जातात. परंतु तेथे प्रवेश सैन्यभरतीतूनच मिळत असल्यामुळे, आणि डोंगराळ सीमेवरील वाहतुकीसाठी खेचरांऐवजी यंत्रे व ड्रोन वापरण्याकडे सैन्याचा कल वाढत असल्यामुळे, नागरी तरुणासाठी तो मार्ग अरुंदच म्हणावा लागतो.

पशुवैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत हा परिसर भाग्यवान आहे. परभणी येथे १९७२ पासून आणि देगलूरच्या शेजारी उदगीर येथे १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ती दोन्ही जोडलेली आहेत. पदवीच्या अभ्यासक्रमात खुरांची निगा, लंगडेपणाचे निदान आणि नालबंदीची तोंडओळख यांचा समावेश असतो; मात्र पदवीधराकडून त्याने नालबंदाची मजुरी करावी अशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि तसे शिकवण्याइतका वेळही त्या अभ्यासक्रमात नसतो. तिसरा मार्ग स्वयंसेवी संस्थांचा. कष्टकरी घोडे, गाढवे व खेचरे यांच्यासाठी काम करणारी ‘ब्रुक’ ही संस्था स्थानिक नालबंदांना त्यांच्या कामाच्या जागीच सुधारित पद्धती शिकवण्यावर भर देते, तर सांगली-सोलापूर भागात ‘अॅनिमल राहत’ ही संस्था साखर कारखान्यांवरील बैल व वीटभट्ट्यांवरील गाढवे यांच्यासाठी काम करते. या प्रयत्नांचा उगम प्राणिकल्याणात असल्याने त्यांचा हेतू चालू नालबंदाला सुधारणे हा असतो. नवा नालबंद घडवणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट नाही.

उरले सरकारी कौशल्यशिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे आयटीआयच्या, व्यवसायांत नालबंदी नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा ज्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन पाळतो नेमक्या त्या दिवशी, सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत लोहार, सुतार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी, इतकेच नव्हे तर हार करणारे व मासेमारीची जाळी विणणारेही आहेत, परंतु नालबंद नाही. या योजनेत प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळत असल्यामुळे, यादीत नसण्याचा तोटा केवळ मानापुरता राहत नाही. नालबंदाने लोहार म्हणून नाव नोंदवावे हा व्यवहारी सल्ला दिला जाऊ शकतो. पण मग त्याला मिळणारे प्रशिक्षण भट्टी आणि ऐरणीचे असेल, खुराचे नव्हे.

मतप्रवाह

पहिले मत परंपरेच्या बाजूचे आहे. खुराचे काम हाताला कळते, वर्गात कळत नाही. शेकडो जनावरे हाताखालून गेल्याशिवाय खिळा कोठे चालला आहे याचा अंदाज कानाला येणाऱ्या हातोडीच्या आवाजावरून बांधता येत नाही, आणि ही संख्या कोणत्याही अल्पमुदतीच्या वर्गात भरून निघणार नाही, असा या मताचा गाभा आहे. तो बिनतोड आहे. ब्रिटनसारख्या देशातही नालबंदीचे शिक्षण मुख्यतः मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली उमेदवारी करूनच होते. परंपरेची दुर्बळ बाजू अशी की तिच्यात चूकही वारशाने उतरते. वडिलांनी टाच जास्त तासली असेल तर मुलगाही जास्तच तासतो, आणि त्याचा परिणाम ज्या जनावराला भोगावा लागतो ते बोलत नाही.

दुसरे मत परवाना व प्रमाणपत्राचे. त्याला भारतीय कायद्यातच आधार आहे, ही बाब पुष्कळांना नवीन वाटेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली १९६५ मध्ये नालबंदांना परवाने देण्याविषयी स्वतंत्र नियम करण्यात आले, आणि परवान्याशिवाय नालबंदीचा धंदा करता येणार नाही हे तत्त्व त्यांत मांडले गेले. म्हणजे ब्रिटनमध्ये नालबंदांच्या नोंदणीचा कायदा १९७५ साली झाला, त्याच्या दहा वर्षे आधी भारताने हा विषय कागदावर आणला होता. ब्रिटनमधील कायद्याने नोंदणीविना घोड्याला नाल मारणे बेकायदा ठरवले, नोंदणीसाठी परिषद नेमली आणि सुमारे चार वर्षांची उमेदवारी व परीक्षा अशी शिडी उभी केली. तेथील नालबंदांचा संघ १३५६ पासूनची परंपरा सांगतो आणि पदविका तोच देतो. आपल्याकडे नियम आले, पण त्यांना जोडून शिडी आली नाही. परवाना मागणाऱ्याचे कौशल्य कोणत्या शिक्षणावरून आणि कोणत्या परीक्षेवरून जोखायचे, याची सोय नसेल तर परवाना हा कागद राहतो. उलट अमेरिकेत नालबंदीसाठी परवान्याची सक्ती नाही, आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील नालबंदांच्या संघटनेचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. तरीही गिऱ्हाईक प्रमाणपत्राला मान देते म्हणून नालबंद ते मिळवतात. सक्तीच्या परवान्याचे समर्थक ब्रिटनकडे आणि ऐच्छिक प्रमाणपत्राचे समर्थक अमेरिकेकडे बोट दाखवतात. दोन्ही देशांतील नालबंद प्रामुख्याने घोड्यांचे काम करतात आणि त्यांचे मालक ऐपतदार असतात, याचा उल्लेख मात्र दोन्ही बाजूंनी कमीच होतो.

तिसरे मत पशुवैद्यकांचे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरांपुरता मर्यादित केला आहे. निरोगी खुराला नाल मारणे हा उपचार नव्हे, यावर दुमत नाही. परंतु पू झालेला खूर कोरणे, लंगड्या घोड्याला उपचारासाठी खास नाल बसवणे ही कामे नालबंदीत मोडतात की वैद्यकात, येथे सीमारेषा पुसट होते. पशुवैद्यकांचा एक गट नालबंदांचे प्रशिक्षण महाविद्यालयांच्या देखरेखीखाली असावे, असे म्हणतो, तर नालबंदांच्या बाजूने बोलणाऱ्यांना भीती वाटते की तसे झाल्यास नालबंद हा दवाखान्यातील मदतनीस होऊन बसेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. उदगीरसारख्या महाविद्यालयाकडे शरीररचनेचे ज्ञान, शवविच्छेदनाची सोय आणि खोडा आहे. बाजारात बसणाऱ्या नालबंदाकडे रोजची जनावरे आहेत. कापलेल्या खुराचा उभा छेद एकदा पाहिला म्हणजे पांढऱ्या रेषेचा अर्थ जितका नीट कळतो तितका वर्षभराच्या बोलण्याने कळत नाही, आणि तो छेद दाखवण्यासाठी कोणाला मदतनीस करण्याची गरज पडत नाही.

चौथे मत नालालाच हरकत घेणारे आहे. नाल न ठोकता खूर वरचेवर तासून नैसर्गिक अवस्थेत ठेवावा, अशी चळवळ पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत वाढली आहे. लोखंडी नालामुळे खुराचा लवचिकपणा कमी होतो आणि गुळगुळीत फरसबंदीवर किंवा डांबरावर जनावर घसरते, असे या बाजूचे म्हणणे आहे. माथेरानमध्ये रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यास घोडेवाल्यांनी घसरण्याच्या कारणावरूनच विरोध केला होता, हे येथे आठवावे. मात्र ऊसवाहतुकीच्या गाडीला जुंपलेल्या बैलाने तापलेल्या खडबडीत रस्त्यावरून अनवाणी चालावे असे या मताचे पुरस्कर्तेही सहसा म्हणत नाहीत; ते ओझे कमी करा, रबरी तळ वापरा किंवा बैल सोडून यंत्र वापरा, असे सुचवतात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या मताची किंमत वेगळीच आहे. खूर तासणे हेच मुख्य काम आणि नाल हा त्यानंतरचा, गरज असेल तरच करायचा उपाय, हा क्रम त्याने पुढे आणला, आणि मजुरी नालांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे नालबंदाच्या सवयीत हा क्रम नेमका उलटा पडलेला असतो.

उपजीविकेची बाजू

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. गाढवे ६१ टक्क्यांनी, तर खेचरे ५७ टक्क्यांनी घटली. नर गोवंशही याच काळात सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे ही उतरंड थांबण्याचे चिन्ह नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्याने शहरी नालबंदाचेही एक जुने गिऱ्हाईक गेले. या आकड्यांवर विसंबून, मरणाऱ्या धंद्याचे शिक्षण कशाला, असा प्रश्न विचारला जातो.

त्याला छेद देणाऱ्या गोष्टीही आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो, उदगीरजवळील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार चालू आहे, नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घोडे पाळण्याची परंपरा टिकून आहे आणि लग्नाच्या वरातीसाठी घोडा बाळगणारे जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित राज्यांचे कायदे वैध ठरवले, त्यानंतर शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल जोपासण्यावर पुन्हा पैसा खर्च होऊ लागला. पुणे-मुंबईकडील रेसकोर्स, स्टड फार्म म्हणजे घोड्यांची पैदास केंद्रे, आणि घोडेस्वारीच्या शाळा येथे कुशल नालबंदाला मिळणारा मोबदला बाजारात बैलाला पत्री ठोकणाऱ्याच्या कमाईशी तोलण्यासारखाच नाही. जनावरे घटत असताना दर जनावरामागे मालकाची खर्च करण्याची तयारी वाढते आहे, असा याचा अर्थ लावता येतो. पण ही तयारी घोड्यासाठी आहे आणि शर्यतीच्या बैलासाठी आहे. ओढकामाच्या बैलाचा मालक आहे तिथेच आहे, आणि नालबंदीचे नवे शिक्षण त्याला परवडणाऱ्या दरात उभे राहील काय याचे उत्तर आशावादी मंडळींकडेही नाही.

अनिर्णित प्रश्न

सर्वात आधी अभ्यासक्रमाचा प्रश्न येतो. बैलाच्या नालबंदीचा लेखी, चित्रांसह आणि मराठीतून तयार केलेला पाठ्यक्रम असल्याशिवाय प्रमाणपत्र, परवाना किंवा विश्वकर्मा योजनेतील समावेश यांपैकी कशालाही आशय येणार नाही. तो कोणी लिहायचा? एकटा पशुवैद्यक लिहील तर त्यात दोर सुटेल, एकटा नालबंद सांगेल तर पांढरी रेषा. परीक्षक कोण, हा प्रश्नही यालाच जोडून येतो, कारण ज्यांच्या हातात खरे कौशल्य आहे त्यांपैकी अनेकांकडे शालेय दाखला नाही आणि ज्यांच्याकडे दाखले आहेत त्यांनी आयुष्यात पत्री ठोकलेली नाही. अनुभवातून आलेल्या कौशल्याला परीक्षा घेऊन मान्यता देण्याची सोय सरकारी कौशल्ययोजनांत आहे. ती या धंद्यापर्यंत पोचवण्यासाठी आधी धंद्याची मानके ठरावी लागतील.

धंद्यात नव्या घरांतील मुलामुलींना प्रवेश मिळावा की जुन्या कुटुंबांच्या हातातील काम टिकावे, याविषयी उघड चर्चा टाळली जाते. शिक्षण खुले झाले की धंदाही खुला होणार, आणि घटत्या गिऱ्हाइकीत वाटेकरी वाढणार, ही जुन्या नालबंदांची धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. दुसरीकडे त्यांच्याच घरांतील पुढची पिढी गॅरेज आणि वेल्डिंगकडे वळत असल्याने, शिकवायला गुरू असतील पण शिष्य नसतील, अशी अवस्था फार दूर नाही.

देगलूरच्या बाबतीत आणखी एक अडचण भूगोलाने घातली आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे देगलूर तालुक्यातच होती आणि उदगीर बीदर जिल्ह्यात होते. आज बिचकुंदा व जुक्कल तेलंगणात, उदगीर महाराष्ट्रात आणि बीदर कर्नाटकात आहे. बाजारोबाजार फिरणाऱ्या नालबंदाला या रेषा जाणवत नाहीत, कारण तिन्ही बाजूंचा बैल एकाच वळणाचा आणि तिन्ही बाजूंना दखनी, मराठी, तेलुगू, कन्नड यांपैकी एखादी भाषा चालून जाते. परवाना, प्रमाणपत्र आणि अनुदान मात्र राज्यागणिक वेगळ्या कार्यालयांतून मिळणार. उदगीरच्या महाविद्यालयात शिकून देगलूरच्या पत्त्यावर परवाना घेतलेल्या नालबंदाने तेलंगणातील मदनूरच्या बाजारात पत्री ठोकली, तर तो तेथे परवानाधारक ठरेल की विनापरवाना, या प्रश्नाला वरीलपैकी एकाही मतात उत्तर नाही.